तबकडीची घाई

आमच्या जुन्या संगणकांतील हार्ड डिस्क मिनिटास ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास १२०. एवढ्या धांवेंतही हवी ती जागा वाचणाऱ्या टोंकाखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारें ४ मिलिसेकंद लागतातच. टोंक आंत-बाहेर सरकण्याचा वेळ निराळा. मनुष्यास हा क्षण जाणवूं नये. परंतु असे हजारों क्षण जमले म्हणजे यंत्र रेंगाळूं लागतें.

१९९१ सालीं लायनस टोरवाल्ड्स या हेलसिंकींतील विद्यार्थ्यानें आरंभिलेली लिनक्स प्रणाली या दिरंगाईचीं कारणें आपल्या मालकापासून लपवीत नाहीं. पहिलें कारण गमतीचें होतें. फाइल नुसती वाचली तरी ती केव्हां वाचली याची नोंद करावयाची, ही युनिक्सची जुनी रीत. ग्रंथपालानें पुस्तक चाळणाऱ्याचीही वही ठेवावी तशी! २००९ पासून लिनक्सनेंच ही नोंद पुष्कळ कमी केली आहे. आम्हीं 'नोएटाइम' हा शब्द लिहून ती अजिबात बंद केली. कोणाचें कांहीं अडलें नाहीं.

दुसरा प्रश्न इतका सोपा नव्हता. डिस्कजवळ स्वतःची थोडी स्मृति असते. मजकूर तींत पोंचतांच डिस्क 'लिहिलें' म्हणून कळविते. तबकडीवर तो मागाहून उतरतो. 'सारें उतरव' अशी ताकीद प्रणाली मधून मधून देते, म्हणून बहुधा निभावतें. पण दोन ताकिदींच्या मध्यें वीज गेली तर? आमच्या गांवीं पावसाळ्यांत विजेचा भरंवसा नाहीं, आणि रोज रात्रीं आम्ही एका विद्यार्थिनीचा प्रबंध तपासून त्यावर दुरुस्त्या लिहीत असतों. तिचे श्रम कित्येक वर्षांचे आहेत. तेव्हां 'एचडीपार्म' या साधनानें आम्हीं ती सोय बंद केली. लेखन मंदावलें, घरांतील मुलांनीं कुरकुर केली, आम्ही बधलों नाहीं.

आमच्या मतें या दोन वेगांची जात एक नव्हे. पहिल्यांत निरर्थक काम टळलें. दुसऱ्यांत काम तेवढेंच राहून केवळ होकार लवकर मिळत होता. व्याख्यान संपण्यापूर्वींच 'समजलें' म्हणून मान हलविणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. समजलेलें आंत उतरण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ देणें हें शिक्षकाचें कामच आहे.