ताम्हिणीला जाताय? फोन घट्ट बसवा!

चांदणी चौक मागे पडला, पिरंगुट-पौड ओलांडून मुळशीचं पाणी दिसू लागलं, की ताम्हिणीची खरी धमाल सुरू! पण बॉस, पावसाळी खड्ड्यांत हॅण्डलवरचा फोन टिकायला हवा ना! प्लॅस्टिकची क्लिप सिग्नलपुरती ठीक. घाटासाठी बोल्टने आवळायचा, फोनचे चारही कोपरे धरणारा धातूचा माउंटच घ्या. बसवल्यावर फोन धरून जोरात हलवा. क्लॅम्प फिरला तर माउंट नापास. शिवाय, थरथर शोषणारा डॅम्पर मस्ट! मोठ्या बाइकच्या इंजिनाच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं खुद्द अ‍ॅपलनेच २०२१मध्ये सांगितलंय. नकाशा आधीच डाउनलोड करा. आणि वळणावर स्क्रीन नाही, रस्ता बघा. समोरून एसटी येत असते!