कंजूष की काटकसरी?

शिफ्ट आणि एफ-सेव्हन. कीबोर्डवरच्या या दोन बटनांनी एकदा माझी अशी काही विकेट काढली, की विचारू नका.

२००८ साल. कराडच्या मराठी शाळेतून आलेली मी हिंजवडीतल्या चकाचक ऑफिसात जेमतेम रुळले होते. इंग्रजीशी ओळख पाचवीतली, घरात जाडजूड वीरकर डिक्शनरी. कोडिंग एकदम फर्स्ट क्लास, पण क्लायंटला मेल लिहायचा म्हटलं की पोटात गोळा! मग मी एक फंडा शोधला. वर्डमध्ये साधा शब्द टाइप करायचा, शिफ्ट-एफ-सेव्हन दाबायचं. समानार्थी शब्दांची यादी समोर हजर. त्यातला जो भारी दिसेल तो उचलायचा.

अमेरिकेतल्या क्लायंटच्या मॅनेजरनं प्रोजेक्टचा खर्च हुशारीनं आवरला होता. मला त्याचं कौतुक करायचं होतं. 'इकॉनॉमिकल' दोनदा लिहून झालं होतं, तिसऱ्यांदा तेच कसं लिहिणार? शोधता शोधता 'थ्रिफ्टी' सापडला. तो काही जमेना. म्हणून त्याच्याही समानार्थी शब्दांत शिरले, आणि तिथून पुढे आणखी कुठे. शेवटी हाती लागला 'स्टिंजी'. छोटा, स्मार्ट, नवाकोरा. 'तुमच्या स्टिंजी प्लॅनिंगबद्दल मनापासून आभार', अशा अर्थाचा मेल मी ऐटीत पाठवून दिला.

उत्तर आलं ते माझ्या लीडला. "अगं, तू त्याला चक्क चिक्कू म्हणालीस!" लीड हसत होता, पण पुढच्या कॉलला माझं नाव नव्हतं. त्यानंतर मी गप्पच झाले. मेलमध्ये फक्त 'ओके', 'नोटेड'. मीटिंगमध्ये मान हलवायची. वर्षाअखेरीच्या अप्रेझलमध्ये शेरा मिळाला, काम उत्तम, कम्युनिकेशन कच्चं. त्या रात्री होस्टेलवर खूप रडले.

डोक्यात प्रकाश पडला तो दिवाळीत, घरी. फराळ करताना आजीच्या आठवणी निघाल्या होत्या. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, पोस्टकार्डाच्या कडेपर्यंत कोंबलेली अक्षरं. चुलतभाऊ बोलून गेला, "आजी जरा कंजूषच होती, नाही?" बाबा एकदम उसळले. "कंजूष? अरे, दारातून कुणाला उपाशी पाठवलं तिनं कधी? काटकसरी म्हण!"

बाबांनी डिक्शनरी उघडली नव्हती. त्यांनी फक्त उलटा शब्द आठवला होता. कंजूषच्या विरुद्ध उदार, आणि काटकसरीच्या विरुद्ध उधळ्या. आजी उधळी नव्हती, पण उदार होती. म्हणजे ती काटकसरी, कंजूष नव्हे. बस्स! इंग्रजीतही तेच की. 'थ्रिफ्टी'च्या विरुद्ध 'वेस्टफुल', 'स्टिंजी'च्या विरुद्ध 'जनरस'. दोन शब्द जुळे भाऊ वाटले, तरी त्यांचे शत्रू वेगवेगळे असतात. शत्रू विचारला, की शब्द ओळखता येतो.

पुढे कळलं, की ज्याच्या नावानं थिसॉरस ओळखला जातो त्या पीटर मार्क रॉजेटनंही हे ओळखलं होतं. हा इंग्लंडमधला डॉक्टर. त्याचं पुस्तक आलं १८५२ मध्ये, तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. त्यात त्यानं परस्परविरोधी कल्पनांचे शब्द शेजारशेजारच्या रकान्यांत मांडले होते. मी मात्र आयुष्यभर एकाच रकान्यात फिरत होते!

आणि शब्द एकटा कधी फिरतच नाही, हेही लक्षात आलं. आपला 'कडक' घ्या. कडक चहा म्हणजे 'स्ट्राँग', कडक मास्तर 'स्ट्रिक्ट', कडक ऊन 'हार्श', कडक इस्त्रीचा शर्ट 'क्रिस्प'. 'हार्ड टी' मागून बघा, वेटर कसा बघतो ते! 'कडक'चे हे सगळे अर्थ आपण पाठ केले नाहीत. कोण, कुणाला, कुठल्या सुरात म्हणालं ते ऐकत मोठे झालो. इंग्रजी शब्दांना मात्र आपण ती संधीच देत नाही. त्यांना यादीतून थेट मेलमध्ये ढकलतो.

तेव्हापासून माझी एक डायरी आहे. नवा शब्द भेटला की तो ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिहायचं, आणि खाली त्याचा शत्रू. आठवड्याला पाचच शब्द. पण ते पाच माझे.

प्रोजेक्ट संपला तेव्हा मी धीर करून त्या मॅनेजरला पुन्हा मेल लिहिला. तुम्ही पैशांच्या बाबतीत 'केअरफुल' होतात आणि आम्हाला वेळ देण्यात 'जनरस', एवढंच. दोन्ही शब्द शाळकरी. या वेळी उत्तर थेट मला आलं, चांगलं दोन परिच्छेदांचं.

शिफ्ट-एफ-सेव्हन मी आजही दाबते. फक्त 'सेंड' दाबण्याआधी एकदा आजीला आठवते.