वनवासी नायक आणि वनातील माणसे

मराठी कादंबरीच्या आरंभकाळाविषयी लिहिताना 'अद्भुतरम्य' हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) आणि पुढे नाथमाधवांची 'वीरधवल' (१९१३) या कृती या एका शब्दाच्या दोरीने बांधून आपण फडताळात ठेवून दिल्या आहेत. भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन कृतींच्या आधारे मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती कल्पिल्या. त्यानंतर 'मुक्तामाला' प्रवृत्ती हे निदान अभ्यासकांच्या वर्तुळात वर्णन न राहता जवळजवळ दोषारोपच ठरले. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातही या परंपरेवर एक प्रकरण आहे. अलीकडे ते पुन्हा चाळले तेव्हा 'पलायनवादी' हा शब्द त्यात सतरा वेळा आलेला आढळला. तो शब्द चुकीच्या ठिकाणी पडला होता, असे आज मला वाटते. या कथांचा दोष त्या वास्तवापासून पळतात हा नाही. तो दुसरीकडे आहे, आणि तो मला माझ्या एका विद्यार्थ्याने दाखवला. या लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

प्रथम माझ्या वाचनाचा कबुलीजबाब देणे भाग आहे. माझे वडील वनरक्षक होते. बालपणाची काही वर्षे एटापल्ली तालुक्यातील एका गावी, वनखात्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये गेली. वडील कामानिमित्त चंद्रपूरला गेले की बसस्थानकावरून 'चांदोबा'चा अंक आणीत. मद्रासहून निघणारे हे मासिक. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली ते तेलुगू व तमिळमध्ये सुरू केले आणि १९५२ पासून ते मराठीत येऊ लागले. त्यातील धारावाहिक कथांवर लेखकाचे नाव नसे. त्यांपैकी अनेक कथा दासरी सुब्रह्मण्यम या तेलुगू लेखकाने लिहिल्या, हे मला प्राध्यापक झाल्यावर कळले. त्या वयात लेखकाची गरजही वाटत नव्हती. राज्य गमावलेला किंवा आईवडिलांपासून तुटलेला सोळा-सतरा वर्षांचा तरुण, पाठीवर भाता, समोर घनदाट अरण्य, पुढच्या वळणावर मांत्रिक किंवा राक्षस, आणि अंकाच्या शेवटी नेमका कड्यावरून लोंबकळणारा नायक. महिनाभर मी त्याच्याबरोबर लोंबकळत असे. मी मुलगी होते, तरी राजपुत्राच्याच घोड्यावर बसत असे. वाटेत त्याला पाणी देणाऱ्या मुलीच्या जागी मी स्वतःला कधीच पाहिले नाही. नायकाची भूक, त्याचा ताप, मित्राने केलेला दगा हे सारे मला खरे वाटे. ज्या वर्षी वडील हिवतापाने महिनाभर अंथरुणाला खिळले आणि घरात उसनवारीची वेळ आली, त्या वर्षी या कथांनी मला पळवाट दिली नाही. हालअपेष्टांनाही एक आकार असतो आणि त्या सोसणाऱ्याची कोणीतरी नोंद ठेवतो, एवढा भरवसा दिला. 'पलायन' या शब्दाविषयी टोल्किनने परीकथांवरील आपल्या विवेचनात बंदिवानाची सुटका आणि सैनिकाची पळपुटेगिरी यांत केलेला भेद मला फार उशिरा वाचायला मिळाला. त्याचा अनुभव मात्र मी त्या क्वार्टरमध्ये घेतला होता.

मग दोष कोठे आहे? व्लादिमीर प्रॉपने १९२८ साली रशियन अद्भुतकथांची जी संरचना मांडली, तिच्यात एकतीस कार्ये येतात. नायक घर सोडतो. त्याला एक दाता भेटतो. दाता त्याची परीक्षा घेतो आणि त्यात तो उतरला की त्याला जादूची वस्तू किंवा साहाय्यक देतो. पुढे संघर्ष, खूण, ओळख पटणे. शेवटचे कार्य विवाह आणि राज्यारोहण. आपल्याकडील अद्भुतरम्य कथेला हा आराखडा पुष्कळ अंशी लागू पडतो. या आराखड्यात हालअपेष्टांचे काम काय? नायक मुळातच जो आहे, ते सिद्ध करणे. तो राजपुत्र असतोच. रक्त, खूण, मुद्रिका यांच्या साक्षीने ते उघड व्हायचे तेवढे बाकी असते. दुःख त्याला घडवीत नाही, प्रमाणित करते. आणि हे प्रमाणपत्र देण्याची जागा म्हणजे अरण्य. एम.ए.च्या वर्गात हे सारे मी फळ्यावर रेखाटून, बाण काढून, बऱ्यापैकी आत्मविश्वासाने शिकवीत असे.

काही वर्षांपूर्वी असाच तास चालू असताना भामरागडकडचा एक विद्यार्थी उभा राहिला. तो माडिया, आश्रमशाळेत शिकून, वसतिगृहात राहून आमच्या महाविद्यालयापर्यंत आलेला, वर्गात क्वचितच बोलणारा. त्याने विचारले, "मॅडम, राजपुत्र परत राजवाड्यात गेल्यावर त्याला जंगलात ज्यांनी खायला दिलं त्यांचं काय झालं?" वर्गात थोडे हसू उमटले. मी उत्तर दिले की दाता हे कथेतील एक कार्य आहे, ती व्यक्ती नव्हे. कार्य संपले की कथेला तिची गरज उरत नाही. उत्तर शास्त्रशुद्ध होते. तो "बरं" म्हणाला आणि खाली बसला.

त्या "बरं"ने मला पुढे बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. आपल्या कथापरंपरेत अरण्य हे नायकाचे परीक्षाकेंद्र आहे. तेथे राहणाऱ्यांचे ते घर आहे, ही जाणीव कथेच्या कडेला क्षणभर चमकते आणि विझते. रामकथेत गुह आणि शबरी भेटतात, पण कथा त्यांच्यापाशी थांबत नाही. महाभारतातील एकलव्य हा तर तरुण नायकाची सगळी लक्षणे असलेला वनातील मुलगा : एकाकी साधना, असामान्य कौशल्य, गुरूचा शोध. त्याच्या वाट्याला मात्र ओळख पटण्याऐवजी अंगठा तोडून देणे येते. मध्ययुगीन वातावरणाच्या आपल्या अद्भुतरम्य कथांनी हाच वारसा पुढे चालवला. आणि मी स्वतः? माझ्या क्वार्टरच्या भोवती माडिया मुले होती, त्यांच्याबरोबर मी चारे-मोहे वेचले होते. तरीही 'चांदोबा'तल्या अरण्यात त्यांच्यापैकी एकालाही मी नायक म्हणून उभे केले नव्हते. ज्या खात्याच्या पगारावर आमचे घर चाले, त्याच खात्याच्या नियमांनी त्यांच्या जंगलातल्या वाटा ठरत, हे तर त्या वयात मनाला शिवलेही नव्हते. तेव्हा माझ्या प्रबंधातील सतरा 'पलायने' मला निराळ्या प्रकाशात दिसू लागली. मी या कथांना वास्तवापासून दूर म्हटले होते; परंतु अरण्य कोणाचे आणि तेथून परत जाण्याची सोय कोणाला, याविषयीचे तत्कालीन वास्तव त्यांनी बरोबर उतरवले होते.

या अस्वस्थतेतून मी लिंगोकडे वळले. नागपूरला राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधान गायकाकडून मिळवलेले लिंगोचे दीर्घ गीत, हिस्लॉप यांच्या १८६३ मधील मृत्यूनंतर, रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यातील कथा थोडक्यात अशी : गोंडांना महादेवाने एका गुहेत कोंडले आहे, चार भाऊ तेवढे निसटले आहेत. पहांदी वृक्षाच्या फुलातून जन्मलेला लिंगो या चौघांना भेटतो, त्यांच्याबरोबर शिकार करतो, त्यांच्यासाठी विस्तव शोधायला निघतो. विस्तवाचा धनी असलेल्या राक्षसाला तो मारीत नाही; वाद्य वाजवून त्याला नाचायला लावतो. राक्षसाच्या मुलींशी भावांची लग्ने होतात. त्या स्त्रियांच्या खोट्या आळामुळे तेच भाऊ लिंगोला ठार मारतात आणि त्याचे डोळे काढून त्यांच्या गोट्या करून खेळतात. अमृताने तो पुन्हा जिवंत होतो. भावांवर सूड उगवण्याऐवजी गुहेत कोंडलेल्यांच्या शोधात निघतो. महादेवाने घातलेल्या अटीसाठी भल्याथोरल्या सर्पाला मारून एका अजस्र पक्ष्याची पिल्ले आणतो. गोंडांची सुटका करतो, त्यांना कुळांत विभागतो, विवाहाचे आणि देवपूजेचे नियम घालून देतो, आणि नाहीसा होतो.

प्रॉपची कार्ये येथेही मोजता येतील : परीक्षा आहे, दैवी साहाय्य आहे, सर्पवध आहे. शेवट मात्र जुळत नाही. राज्यारोहण नाही, नायकाचा विवाह नाही, हरवलेला वारसाही नाही, कारण फुलातून आलेल्याला वंशच नाही. राजपुत्र हालअपेष्टा सोसून आपली मूळ जागा परत मिळवतो. लिंगोला परत जायला जागा नसते; त्याच्या हालअपेष्टांच्या शेवटी एक समाज उभा राहतो, आणि त्यात त्याने स्वतःसाठी आसन ठेवलेले नसते. ज्याच्याकडून विस्तव मिळतो तो दाताही कथेबाहेर जात नाही. तो सोयरा होतो. अद्भुतकथेतील तरुणाच्या दुःखाला वंशसिद्धीखेरीज आणखी एक प्रयोजन असू शकते, हे मला आपल्याच जिल्ह्याच्या मातीतून मिळालेले उत्तर वाटले. पुढच्या वर्षी मी ते मोठ्या उत्साहाने वर्गात मांडले.

तो विद्यार्थी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता. तास संपल्यावर तो थांबला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही चांगलं सांगितलं. पण आमच्याकडं लिंगो अद्भुत नाही." मी विचारले, मग काय आहे? तो म्हणाला, "आहे."

या एका क्रियापदापुढे माझी परिभाषा अपुरी पडली. 'अद्भुत' म्हणण्यासाठी वाचकाने आधी कथेबाहेर उभे राहावे लागते. हे घडणे शक्य नाही, हे गृहीत धरून मग त्यात रमावे लागते. 'अद्भुत' आणि 'रम्य' ही दोन्ही पदे या अंतराची आहेत. ज्याच्या गावात ते गीत रात्रभर गायिले जाते, त्याला हे अंतर नसते. शिवाय माझा लिंगो मिशनऱ्याच्या वहीतून आणि इंग्रज अधिकाऱ्याच्या संपादनातून आलेला, महादेव-पार्वतीच्या चौकटीत बसलेला होता. दात्याला व्यक्ती मानावे हे मी शिकले होते. पण त्याची कथा माझ्या दाखल्यासाठी घेताना मी त्याला पुन्हा दाताच करून टाकले होते.

अद्भुताचे आणखी एक कार्य मला चंद्रपुरातच दिसते. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी १८५८ साली इंग्रजांविरुद्ध गोंड तरुणांची फौज उभी केली. अहेरीच्या जमीनदारीकडून ते पकडले गेले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. वय पंचवीस. नायकाची ओळख येथे पटलीच नाही. आपल्याच माणसांचा दगा आणि फास एवढेच इतिहासाने नोंदवले. लोकांच्या तोंडी मात्र हा तरुण शस्त्राने सहज न मरणारा झाला. ज्या ठिकाणी कागदावरची कथा फासावर संपते, तेथून लोककथा अद्भुताची सुरुवात करते. याला पलायन म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. निकाल मान्य नसणाऱ्यांनी दाखल केलेले ते अपील आहे.

या सगळ्यातून कोणता सिद्धान्त हाती लागतो, असे कोणी विचारील. 'मुक्तामाला' ते 'वीरधवल' ही परंपरा पुन्हा वाचावी, एवढे मी निश्चितपणे म्हणेन. तिच्यात नायक अरण्यात शिरतो तेथे थांबावे. कोण वाट दाखवतो, कोणाच्या घरची भाकर खाल्ली जाते, कोणाला नाव आहे आणि कोण नुसताच 'भिल्ल', 'वनचर', 'म्हातारी' आहे, हे नोंदवावे. आणि शेवटच्या प्रकरणात त्यांच्यापैकी कोणी उरते का ते पाहावे. तरुण नायकाच्या दुःखाची किंमत केवळ त्याच्या सहनशक्तीवर ठरत नाही. त्या दुःखाच्या शेवटी कोणाकोणाला जागा मिळाली, यावरही ठरते. आस्वादाची ही कसोटी मी आता वर्गात देते. प्रॉपचे बाणही काढते, पण दात्याच्या चौकटीपाशी खडू थोडा वेळ थांबतो.

तो विद्यार्थी एम.ए. पुरे करू शकला नाही. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर वनरक्षकाच्या भरतीत त्याची निवड झाली आणि घरची गरज पाहता ती नाकारणे शक्य नव्हते. निरोप घ्यायला आला तेव्हा मी त्याला माझ्या वडिलांविषयी प्रथमच सांगितले. कोणत्या गावात आमचे क्वार्टर होते ते त्याने विचारले. मी नाव सांगितले. "ते पडलं आता," तो म्हणाला, "पण गाव आहे." आणि त्या गावातल्या ज्या माणसांची नावे मला आठवत नव्हती, ती त्याने एकेक करून सांगितली.