‘अस्सल’ म्हणजे कोणते?

वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आम्हां दोघांना नेहमी एक अडचण येते. हस्तलिखिते, पाठभेद, प्रक्षेप हे शब्द विद्यार्थी टिपून घेतात. पण एकच कृती अनेक रूपांनी नांदते म्हणजे काय होते, हे त्यांना जाणवत नाही. कविता त्यांनी बहुधा पाठ्यपुस्तकातच पाहिलेली असते. अशा वेळी आम्ही एका ब्रिटिश रॉक बँडचा दाखला देतो. तो आडवाटेचा वाटेल. पण संत तुकाराम नगरात वाढलेल्या आम्हांला तो घरचाच आहे.

जेथ्रो टल हा तो बँड. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९६८ ची, तर ‘क्युरिअस रुमिनंट’ २०२५ ची. नाव घेतले आहे ते बी पेरण्याच्या यंत्रासाठी प्रसिद्ध असलेल्या एका इंग्रज शेतीतज्ज्ञाचे. गायक आणि बासरीवादक इयन अँडरसन यांच्या ‘ॲक्वालंग’ला (१९७१) समीक्षकांनी एकाच संकल्पनेत गुंफलेली कृती ठरवले. अँडरसन यांना ते मान्य नव्हते. मग १९७२ साली त्यांनी तशा कृतींचे विडंबनच रचले : ‘थिक ॲज अ ब्रिक’. सुमारे ४४ मिनिटांचे एकच गाणे, तबकडीच्या दोन बाजूंवर विभागलेले. कवी म्हणून नाव जेराल्ड बॉस्टॉक या आठ वर्षांच्या मुलाचे. आणि असा मुलगा कोणी नव्हताच! वेष्टन म्हणजे बारा पानांचे लुटुपुटीचे वृत्तपत्र. या मुलाला कवितास्पर्धेतून बाद केल्याची बातमी त्यात होती, आणि याच ध्वनिमुद्रिकेचे परीक्षणही.

आमच्यापर्यंत हे गाणे पोचले ते १९९० नंतरच्या दशकात, शेजारच्या काकांच्या कॅसेटवरून. काका एका कारखान्यात पाळीने कामाला जात. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली तबकडी त्यांनी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवली होती. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे; सारे गाणे तिच्यात मावले. तबकडी उलटताना त्यांनी रेकॉर्डर थांबवला, तिथे एक खटका ऐकू येतो. “पोरांनो, शब्द कळले नाहीत तरी राग कळेल,” एवढीच त्यांची प्रस्तावना.

कॅसेटबरोबर वृत्तपत्र आले नाही; म्हणून तो बालकवी आला नाही आणि थट्टाही आली नाही. उरले ते मोठ्यांच्या जगाने मुलांना आपल्या साच्यात ओतण्याविषयीचे एक दीर्घ, तापलेले गाणे. दहावी, आयटीआय, मग अप्रेंटिस, हा क्रम जिथे घरोघरी ठरलेला होता, तिथे साचा हा शब्द कुणाला समजावून द्यावा लागत नव्हता. विडंबन वजा झालेली ही कृती वेगळी होती. खोटी खासच नव्हती.

२०१२ साली स्टीव्हन विल्सन यांनी मूळ फितींवरून या गाण्याचे नवे मिश्रण सिद्ध केले. त्यात प्रत्येक वाद्य सुटे ऐकू येते, आणि सोबतच्या पुस्तकामुळे वृत्तपत्राचा संदर्भही परत मिळतो. कर्त्याचा हेतू जाणायचा तर हाच पाठ हाती घ्यावा, असे आम्ही विद्यार्थ्यांना निःसंकोच सांगतो. विडंबनाची खूण पुसली गेलेली प्रत संशोधनाला पुरेशी नाही.

पण मग त्या कॅसेटचे काय? काका आता नाहीत; तबकडी त्यांच्या घरच्यांनी भंगारात दिली. फीत झिजत चालली आहे, दर वेळी ऐकताना थोडी अधिक.

इथे आम्हांला आमच्याच परिसराची आठवण होते. तुकोबांच्या गाथेची शंकर पांडुरंग पंडितांची आवृत्ती (१८६९–७३) अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध झाली. पुढे वि. ल. भावे यांनी चाकणच्या संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून गाथा छापली आणि तिच्या नावातच ‘अस्सल’ हा शब्द घातला. तुकोबांच्या सहवासातल्या माणसाची वही म्हणून तो दावा समजण्यासारखा आहे. तरीही दिंडीतल्या माणसाच्या ओठांवरचा अभंग यांपैकी कोणत्याही पाठाशी अक्षरशः जुळेलच असे नाही. आणि ज्याने त्याला दुःखात सावरले, तो अभंग तोच असतो.

सर्व पाठ सारखेच, असा याचा अर्थ नव्हे. संपादकाला निवड करावीच लागते. परंतु कोणता पाठ कर्त्याच्या जवळचा, हा एक प्रश्न; कोणता पाठ कुणापर्यंत आणि कशामुळे पोचला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा विचारायचा नाही, ही सवय आपल्या अभ्यासाने लावून घेतली आहे. तिच्यापायी कृतीचा इतिहास लिहिला जातो आणि ती ऐकणाऱ्यांचा गळून पडतो. काकांसारख्या माणसांची नोंद कोणत्याही प्रस्तावनेत नसते. तळटीपेत का होईना, त्या खटक्याला एक ओळ मिळावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.