पदविकेनंतरचा अभ्यास

हाती पदविका आली, की शिक्षण संपले, असे आपल्याकडे धरून चालतात. आमची एक माजी विद्यार्थिनी मात्र परिचर्येची पदविका घेऊन ऑस्ट्रेलियात डार्विन येथे रुग्णसेवा करू लागली आणि आता तेथील मूळ रहिवाशांच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी विद्यापीठात दाखल झाली आहे. रुग्णसेवा हातची असता पुन्हा पुस्तके कशाला, असे आम्ही तिला पत्रातून विचारले.

तिचे उत्तर कानांविषयी होते. तेथील दुर्गम वस्त्यांतील पुष्कळ मुलांचे कान तान्हेपणापासून वाहतात. औषध तिला ठाऊक होते. परंतु दाटीची घरे, वाहता कान आणि वर्गातले मागे पडणे यांचा सांधा पदविकेत कोणी दाखविला नव्हता. आई रुग्णालयाला का बिचकते, हेही नाही. १९७०च्या सुमारापर्यंत सरकारच तेथील कित्येक मुले आईबापांपासून हिरावून नेत असे. त्याबद्दल पंतप्रधान केव्हिन रड यांनी २००८ साली संसदेत क्षमा मागितली. म्हणूनच सिडनीच्या रेडफर्न भागात १९७१ साली मूळ रहिवाशांनी पुढाकार घेऊन उभारलेल्या दवाखान्याचे तिला विशेष मोल वाटते. तो त्यांच्याच ताब्यातला, अशा प्रकारचा त्या देशातील पहिला.

वस्त्यांतील अनेकांना इंग्रजी ही दुसरी वा तिसरी भाषा, असेही ती लिहिते. हे आम्हांस निराळे समजावून सांगायला नको. आम्ही शाळेत मराठी शिकवितो खरे, पण दाढ ठणकली की कोंकणीतच कळवळतो!

मागच्या बाकावरील दोन अबोल मुलांना आम्ही गेल्या महिन्यात कानांच्या डॉक्टरांकडे पाठविले. त्यांतील एकाचा डावा कान वाहत होता.