सोलापूरचे घर आणि एक अक्षर

सोलापूरला माणसे चादरी घ्यायला जातात आणि परत फिरतात. पुढच्या खेपेला मुलाबाळांना घेऊन भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घरही पाहून या. १० ऑक्टोबर १९१० रोजी ते सोलापुरात जन्मले. आता या घराचे स्मारक झाले आहे.

१९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. पुढच्या वर्षी जखमींची सेवा करायला पाच भारतीय डॉक्टर तिकडे गेले. पाचही जणांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर घेतले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दी हुआ’. तिथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. मागे चिनी पत्नी आणि काही महिन्यांचे बाळ. बाळाचे नाव यिन हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

माझा भाचा पुण्याजवळ एका कोरियन कारखान्यात कामाला आहे. कामापुरती ती भाषा शिकला. घर पाहून झाल्यावर त्याने वहीत ही दोन अक्षरे काढली आणि म्हणाला, “मामा, कोरियात हे नाव ‘इन ह्वा’ असे वाचतील.”

चिनी अक्षरे कोरियाने फार पूर्वी घेतली. उच्चार आपला केला, अर्थ तोच ठेवला. परदेशी राहणाऱ्या चिनी माणसाला तिथे ‘ह्वाग्यो’ म्हणतात. झगमगीत, देखणे ते ‘ह्वार्यो’. या अक्षराचा जुना अर्थ फूल. म्हणून सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या कोरियन नावातही, ‘बॉपह्वाग्यॉंग’मध्ये, हेच अक्षर कमळाचे फूल म्हणून आले. ‘इन’ म्हणजे शिक्का; बुद्धमूर्तीच्या हातांची मुद्रा ती ‘सुइन’; आणि भारत ‘इंदो’, तोही याच अक्षराने.

सामान्य माणसाला ही अवघड अक्षरे शिकायला सवड कुठली? म्हणून राजा सेजोंगने १४४६ साली सोपी लिपी जाहीर केली. आज कोरियन लोक बहुतेक तिच्यातच लिहितात. पण तिच्यात आग, फूल आणि चीन यांचा ‘ह्वा’ सारखाच दिसतो. पुढचा-मागचा शब्द पाहूनच अर्थ लावावा लागतो.

आपल्याकडे आडनाव ऐकून माणूस तोलतात. या सोलापूरकराने मात्र परक्या देशाचे नाव आपल्या नावाला जोडले आणि प्राण देऊन ते खरे केले. मुलांना हे घर दाखवाल तेव्हा ते एक अक्षरही वहीत काढून द्या.