वाट शाबूत आहे

मला यंत्रांचा राग येत नाहीं. येतो तो त्यांच्या निर्विकार चेहऱ्याचा. खुटबावच्या आमच्या घरीं भिंतीवर एक राउटर टांगलेला आहे. परवां रविवारीं त्याचे सारे दिवे हिरवेगार होते. पण एकही पान उघडेना कीं फोन लागेना. आई मात्र पदर सांवरून मेलबर्नच्या नातीची वाट पाहात बसली होती. मीं पेटी तीनदां बंद करून चालू केली. प्राध्यापकाला यापलीकडे काय येणार?

अखेर पुतण्या आला. त्यानें संगणकावरून ८.८.८.८ या पत्त्याला साद घातली, तों लगेच पडसाद उमटला!

"काका, वाट शाबूत आहे, नांवें तेवढीं हरवलीं आहेत."

आपण लिहितों तीं नांवें. यंत्रांना कळतात ते अंक. नांवावरून अंक सांगणारी डीएनएस नामक व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ मध्यें रचली. त्यापूर्वीं साऱ्या नांवांची एकच यादी संगणकांना पुरवीत असत. आमची पेटी ज्याला नांवें विचारी, तो नामकोशच मुका झाला होता. पुतण्यानें १९२.१६८.१.१ हें पान उघडून तेथें दुसऱ्या कोशाचा पत्ता लिहिला.

पांच मिनिटांत नात पडद्यावर हंसूं लागली. आईनें तिच्या गालावरून, म्हणजे कांचेवरून, हात फिरविला; आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलें, "अरे, हिचें नांव काय रे?"

मीं सांगितलें. स्टेशनांतून गाडी सुटत होती. तिच्या शिटींत तें बुडालें, म्हणून पुन्हां मोठ्यानें सांगितलें.